विश्लेषण : कोकणच्या सड्यावरचे ‘गवत’ कुमुदिनीच्या घराण्यात कसे? डीएनएच्या जमान्यात फुलांचे काप कशाला?

पावसाळ्यात कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर जागोजागी उथळ डबकी साचतात. त्यातल्या काहींच्या तळाशी केसासारख्या बारीक पानांचा, जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचा झुपका उगवतो. त्यावरून चालणाऱ्याला ते गवत वाटेल, नाहीतर शेवाळ. या झुपक्याचे नाव ट्रिथुरिया कोंकणेन्सिस. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांद्यांपैकी एका फांदीवर त्याची जागा आहे. मात्र, ही जागा मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला. ती डीएनएने मिळवून दिली, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेली अर्धी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या फुलांच्या कापांची आहे.

नेमके प्रकरण काय?

ट्रिथुरिया ही प्रजाती ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 1858 मध्ये टास्मानियाच्या वनस्पतींवर काम करताना नोंदवली. अरुंद पाने, पाकळ्यांचा पत्ता नाही, एकूण अवतार गवताचा. त्यामुळे तिला गवताच्या दूरच्या नातेवाईकांमध्ये, म्हणजे एकबीजपत्री वनस्पतींमध्ये टाकण्यात आले. पुढची जवळपास दीडशे वर्षे ती तिथेच राहिली. बहुतेक जाती ऑस्ट्रेलियात, एक न्यूझीलंडमध्ये. आज या प्रजातीत सुमारे डझनभर जाती गणल्या जातात.

भारताचा यात संबंध आला तो 1994 मध्ये. एस. आर. यादव आणि एम. के. जनार्थनम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोकणातून नवी जात जाहीर केली. यादव हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी, तर जनार्थनम गोवा विद्यापीठाशी दीर्घकाळ जोडलेले नाव. नवी जात सापडणे तसे अधूनमधून घडते. इथे मात्र हायडाटेलेसी हे अख्खे कुळच भारताला नवे होते. तेव्हाच्या समजुतीनुसार ते एकबीजपत्री कुळ होते.

मार्च 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये जेफरी सारेला, सीन ग्रॅहम आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि पाटीच बदलली. हायडाटेलेसी हे गवताचे भाऊबंद नाहीत, तर कुमुदिनीचे, म्हणजे वॉटरलिलीचे सर्वात जवळचे नातेवाईक आहेत, असे त्यांनी दाखवले. ताटाएवढी पाने आणि हाताच्या ओंजळीएवढी फुले असलेल्या कुमुदिनीचे सख्खे नाते या चिमुकल्या झुपक्याशी! वर्गीकरणाच्या इतिहासात इतकी लांबची बदली क्वचितच झाली असेल.

बुंध्याजवळची फांदी म्हणजे ‘आदिम’ का?

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण बातम्यांचे मथळे तो हौसेने पसरवतात. सपुष्प वनस्पतींच्या आजच्या सुमारे तीन लाख जातींपैकी बहुतांश जाती ज्या मोठ्या खोडावर आहेत, ते खोड पुढे वाढण्याआधी तीन फांद्या वेगळ्या झाल्या. पहिली अ‍ॅम्बोरेला, दुसरी कुमुदिनीचा गण आणि तिसरी चक्रीफुलाचा समावेश असलेला गण. 1999 मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी हा क्रम मांडला आणि तो बऱ्याच अंशी टिकला. त्यानंतरच्या फाट्यांपैकी एकावर सोनचाफा, सीताफळ, मिरी, दालचिनी, जायफळ ही आपल्या ओळखीची मंडळी बसतात.

पण लवकर वेगळी झालेली फांदी म्हणजे गोठलेली फांदी नव्हे. एखाद्या घराण्याची थोरली पाती आणि धाकटी पाती वेगळ्या गावी राहायला गेल्या, तर थोरल्या पातीतला आजचा मुलगा काही पणजोबांसारखा धोतर-पगडीत फिरत नाही. दोन्ही पात्यांची वये सारखीच. ट्रिथुरियासुद्धा जास्वंदीइतकीच ‘आजची’ वनस्पती आहे. म्हणूनच तिच्या फुलात जुने काय आणि तिने नंतर कमावलेले काय, हे निवडून काढावे लागते. ते काम नुसत्या वंशवृक्षाने होत नाही.

फुलाच्या आतले वायरिंग कसे वाचतात?

सोनचाफ्याच्या पाकळ्या गळाल्या की मध्ये एक दांडी उरते. तिच्यावर मळसूत्रासारख्या क्रमाने चिकटलेले हिरवे दाणे दिसतात. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक स्त्रीकेसर. सीताफळाचा प्रत्येक ‘डोळा’ही मुळात असाच एक स्त्रीकेसर असतो; तिथे सगळे मिळून एक फळ होते. एवढे बाहेरून कळते. आत काय चालले आहे, हे पाहायला फूल कापावे लागते.

पद्धत जुनी आहे. ताजी कळी रसायनात बुडवून ‘स्थिर’ करायची, टप्प्याटप्प्याने पाणी काढून मेणात गोठवायची आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे दहा मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचे काप काढायचे. दोन मिलिमीटरच्या कळीचे असे 200 काप होतात. ते क्रमाने काचपट्टीवर लावून रंगवायचे आणि खालून वर एकेक बघत जायचे. देठातून निघालेला पाणी-अन्न वाहणारा धागा, म्हणजे वाहक वृंद, कुठे फुटला, पाकळीकडे कितवी शाखा गेली, स्त्रीकेसरात किती शिरल्या, याचा नकाशा त्यातून तयार होतो.

या नकाशाला एवढे महत्त्व का आले? घरातला पंखा काढून टाकला तरी भिंतीतली वायर राहते. पुढचा भाडेकरू छताच्या हुकाशी लोंबणारे टोक पाहून ‘इथे पंखा होता’ असे सांगू शकतो. फुलातही एखादा अवयव उत्क्रांतीत नाहीसा झाला तरी त्याच्याकडे जाणारा धागा आखूड होऊन शिल्लक राहतो, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अभ्यासकांची धारणा होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ईम्स या विचाराचे मोठे पुरस्कर्ते होते. भारतात मेरठच्या विश्वंभर पुरी यांनी 1951 मध्ये ‘बोटॅनिकल रिव्ह्यू’त या विषयाचा जो प्रदीर्घ आढावा घेतला, तो पुढे अनेक दशके संदर्भासाठी वापरला गेला.

त्याच काळातले दुसरे भारतीय नाव बी. जी. एल. स्वामी यांचे. कन्नड वाचक त्यांना ओळखतात ते ‘हसुरु होन्नु’ या साहित्य अकादमी विजेत्या पुस्तकाचे लेखक म्हणून. पण हार्वर्डच्या अर्व्हिंग बेली यांच्यासोबत 1948 मध्ये अ‍ॅम्बोरेलाच्या अंतर्रचनेवर लिहिणारेही तेच. न्यू कॅलेडोनिया बेटांवरच सापडणारे हे झुडूप वंशवृक्षात इतक्या खाली जाईल, हे डीएनएने सांगण्याच्या अर्धशतक आधी त्याची वेगळी घडण या दोघांनी कागदावर आणली होती.

मग ही पद्धत मागे का पडली?

कारण तिच्यात खोट निघाली, आणि ती मान्य करायला हवी. 1969 मध्ये शेर्विन कार्लक्विस्ट यांनी एक झणझणीत लेख लिहिला. तो प्रसिद्ध झाला दिल्लीहून निघणाऱ्या ‘फायटोमॉर्फोलॉजी’ या नियतकालिकात. त्यांचा मुद्दा साधा होता. वायर ही आठवण म्हणून कोणी ठेवत नाही. जिथे विजेची गरज असते तिथे ती टाकली जाते. मोठी पाकळी असेल तर तिला जास्त धागे लागणार, रसाळ फळाला आणखी जास्त. अशा प्रत्येक धाग्यात पूर्वजांची सही शोधणे म्हणजे घरातल्या एक्स्टेंशन बोर्डवरून वास्तुविशारदाचे घराणे ओळखण्यासारखे झाले.

टीका बरोबर होती. तिचा परिणाम मात्र गरजेपेक्षा जास्त झाला. एका चुकीच्या गृहीतकाबरोबर निरीक्षणाची पद्धतही जुनाट ठरवली गेली. पुढे 1998 मध्ये एपीजी या आंतरराष्ट्रीय गटाने प्रामुख्याने डीएनएवर आधारलेले वर्गीकरण मांडले. 2016 च्या चौथ्या आवृत्तीत 64 गण आणि 416 कुळे आहेत. आजची बहुतेक वनस्पतिसंग्रहालये आणि संकेतस्थळे हीच मांडणी वापरतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र नाते ठरले म्हणजे फूल समजले, असे जे वातावरण तयार झाले, ते चुकीचे आहे.

पुरावा 31 वर्षे डोळ्यांसमोर होता?

ट्रिथुरियाचे उदाहरण इथे बोलके आहे. जर्मन अभ्यासक उलरिख हामान यांनी 1976 मध्ये हायडाटेलेसी हे स्वतंत्र कुळ स्थापन केले, ते बीज आणि बीजांडाच्या अंतर्रचनेच्या आधारे. ज्या गवतासारख्या कुळात ही रोपे घुसडली होती, त्याच्याशी यांचे बीज जुळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मुख्य फरक अन्नसाठ्याचा. गहू, तांदूळ, नारळ यांच्या बियांत अन्न साठते ते फलनानंतर तयार होणाऱ्या भ्रूणपोषात. ट्रिथुरियात ते साठते मातेच्याच ऊतीत, ज्याला परिपोष म्हणतात.

हाच परिपोष कुमुदिनीच्या कुळातही असतो. तो पाहायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. उपवासाला तुपात परतला जाणारा मखाना हे कुमुदिनीच्या कुळातील युरिअ‍ॅली या वनस्पतीचे बी. भाजल्यावर फुटून पांढरेशुभ्र होते ते मुख्यत्वे हेच परिपोषातले स्टार्च. बाजारात मखान्याला सर्रास ‘कमळाचे बी’ म्हटले जाते, तो घोटाळा वेगळाच. खऱ्या कमळाचे बी म्हणजे माळेत ओवतात तो कमळगट्टा. तो भिजवून फोडला तर आत दोन जाड डाळिंब्या आणि मध्ये हिरवा कोंब दिसतो. साठा त्या डाळिंब्यांत, म्हणजे बीजपत्रांत असतो. एकाच तळ्यात राहणारे कमळ आणि कुमुदिनी खरे तर एकमेकांपासून फार दूरचे आहेत. कमळाचे जवळचे नातेवाईक कोण, तर काश्मीरचा चिनार. डीएनएने यावर शिक्कामोर्तब केले, पण कमळाच्या परागकणावर तीन खाचा आणि कुमुदिनीच्या परागकणाची घडण वेगळी, हे सूक्ष्मदर्शक लावणाऱ्यांना आधीच खटकत होते. त्यामुळेच काही वर्गीकरणतज्ज्ञांनी डीएनएपूर्व काळातच कमळाला वेगळा गण दिला होता.

म्हणजे ट्रिथुरियाचा पुरावा 1976 पासून छापील स्वरूपात होता. तो कुमुदिनीकडे बोट दाखवतो हे मात्र कोणी म्हटले नाही, कारण गवतासारख्या झुपक्याची तुलना कुमुदिनीशी करून पाहावी असे सुचणेच अवघड होते. डीएनएने सुचवले ते हेच. एकदा पत्ता कळल्यावर जुन्या काचपट्ट्या नव्याने बोलू लागल्या: बियांना कुमुदिनीसारखे झाकण, उलटे वळलेले बीजांड, आणि नेहमीच्या आठऐवजी चारच केंद्रके असलेला भ्रूणकोश. 2008 मध्ये विल्यम फ्रीडमन यांनी दाखवले की या रोपांत बीजांडाला अन्न पुरवण्याचे काम फलनाच्या आधीच सुरू होते. ही सवय एरवी पाइन, देवदार यांसारख्या फुले नसलेल्या बीजधारी झाडांची. हे गुणसूत्रांच्या अक्षरमालिकेत वाचता येत नाही. ते कापांतच दिसते.

आणखी एक तपशील सहसा सांगितला जात नाही. 2007 च्या त्या ‘डीएनए’ शोधनिबंधाच्या लेखकांत झुरिकचे पीटर एन्ड्रेस आणि जेम्स डॉयल होते. दोघेही हयातभर फुलांची आणि परागकणांची रचना पाहणारे.

ट्रिथुरियाला येते ते फूल की फुलोरा?

सगळ्यात रंगतदार वाद इथे आहे. जगातल्या कुठल्याही द्विलिंगी फुलात मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती पुंकेसर असतात. ट्रिथुरियात उलटे: पुंकेसर मध्यभागी आणि स्त्रीकेसर कडेला. असे ‘आतले बाहेर’ झालेले दुसरे ठळक उदाहरण म्हणजे मेक्सिकोच्या लाकांडोन जंगलातील लाकांडोनिया, आणि ती तर खरोखरच एकबीजपत्री आहे.

आता याचा अर्थ काय लावायचा? एक शक्यता अशी की हे एकच फूल असून त्यातल्या अवयवांची जागा बदलली. दुसरी अशी की प्रत्येक पुंकेसर आणि प्रत्येक स्त्रीकेसर हे स्वतंत्र, झिजून एका अवयवापुरते उरलेले फूल आहे आणि आपण पाहतो तो फुलोरा. लंडनच्या क्यू उद्यानातील पॉला रुडल, मॉस्कोचे दिमित्री सोकोलॉफ, मार्गारिता रेमिझोवा आणि सहकाऱ्यांनी अवयव कोणत्या क्रमाने उगवतात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 2009 मध्ये त्यांनी तिसरी शक्यताही चर्चेला आणली: फूल आणि फुलोरा ही आपली विभागणीच इथे लागू पडत नसेल तर? कोकणातल्या जातीवर काम केलेल्या यादव यांचे नावही या गटाच्या पुढील काही शोधनिबंधांत सहलेखक म्हणून येते.

वाद आजही मिटलेला नाही. आणि वंशवृक्ष कितीही पक्का झाला तरी तो त्यातून मिटणारही नाही. नकाशावर घर सापडले म्हणून घरातल्या खोल्या कळत नाहीत.

संगणकाने काढलेले ‘पहिले फूल’ कितपत खरे?

2017 मध्ये एर्वे सोके यांच्या नेतृत्वाखालील मोठ्या गटाने 792 जातींच्या फुलांची माहिती वंशवृक्षावर मांडून सर्व फुलांच्या पूर्वज-फुलाचे चित्र तयार केले. सोनचाफ्याच्या वळणाचे ते सुंदर चित्र जगभरच्या माध्यमांत झळकले. त्यात पाकळ्यांसारखे अवयव आणि पुंकेसर तीन-तीनच्या वर्तुळांत, तर स्त्रीकेसर मळसूत्री क्रमाने होते. पुढच्याच वर्षी सोकोलॉफ, रुडल आणि सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’त प्रश्न विचारला: खालच्या मजल्यांवर वर्तुळे आणि वरच्या मजल्यावर एकदम मळसूत्र, असे फूल वाढताना बनेल कसे? प्रत्येक गुणधर्माचे गणित स्वतंत्र केले की बेरीज बरोबर येऊनही उत्तर अशक्य असू शकते. अभियांत्रिकीत सुटे भाग प्रमाणित असूनही जोडणी न होण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे लगेच पटेल.

म्हणून सोके यांचे काम वाया गेले असे नव्हे. त्याने वाद धारदार केला. पण 792 जातींच्या त्या तक्त्यातली प्रत्येक नोंद शेवटी कोणीतरी फूल उघडून, कापून, मोजूनच भरलेली असते. तक्ता मोठा होत चालला आहे. भरणारे हात मात्र कमी होत आहेत. जलद निकाल आणि मोठ्या संख्येच्या शर्यतीत महिनोन्महिने काप काढणाऱ्या विद्यार्थ्याला फारसा भाव मिळत नाही. वनस्पती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएनए बारकोडची तीच अवस्था. बारकोड जुळवायचा तो संदर्भसाठ्यातील नमुन्याशी. त्या नमुन्यावरची चिठ्ठीच चुकीची असेल तर यंत्र ती चूक अत्यंत वेगाने आणि आत्मविश्वासाने पुढे पाठवते.

सड्याचा यात संबंध काय?

थेट संबंध आहे. ट्रिथुरिया कोंकणेन्सिस हंगामी आहे. पावसाच्या पाण्यात उगवते, बी धरते आणि डबके आटले की संपते. वर्षातले उरलेले महिने सडा म्हणजे नुसता तापलेला काळा-तांबडा कातळ. महसुली नजरेला तो पडीक दिसतो. मग चिरेखाण, कलमांची लागवड, रस्ता, प्रकल्प यांपैकी काहीही तिथे आले तरी ‘तिथे होते काय?’ असा प्रश्न विचारला जातो. कातळशिल्पांमुळे गेल्या काही वर्षांत सड्यांकडे लक्ष गेले. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आली. डबक्यातल्या झुपक्याच्या वाट्याला तेवढे भाग्य आलेले नाही. कास पठाराची फुले रंगीत आहेत, फोटोत येतात. पाकळीच नसलेल्या फुलासाठी पर्यटक गाडी थांबवत नाही.

पर्यावरणीय पाहणी ऐन उन्हाळ्यात उरकली तर या जातीची नोंद शून्य येणार, हे उघड आहे. सड्यांवरील कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात पावसाळी पाहणी सक्तीची असावी, ही मागणी म्हणूनच अवास्तव नाही. आणि पाहणी करणाऱ्याला गवत व ट्रिथुरिया यांतला फरक हातभिंगाने ओळखता आला पाहिजे. तो शिकवणारी माणसे कोल्हापूर आणि गोव्यात आहेत. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न विद्यापीठांनी रिक्त जागांच्या यादीकडे पाहून स्वतःला विचारावा.

अंतर्रचनेच्या अभ्यासासाठी तर वेळ आणखी कमी असतो. डीएनए वाळलेल्या पानातून, कधी कधी शंभर वर्षे जुन्या संग्रहालयातील नमुन्यातूनही काढता येतो. काप मात्र ताज्या कळीचेच चांगले येतात. ती डबक्याकाठीच रसायनात बुडवावी लागते, कोमेजली की पेशी आक्रसतात. त्यासाठी भर पावसात, गुडघे टेकून, हातात बाटली घेऊन कोणीतरी सड्यावर असावे लागते.